बोरकरकाकांची नऊ वाक्यं

रविवार, ९ मार्च २०२५. रक्कम रुपये एक हजार आठशे पन्नास. हजर चौघं: मनोहर बोरकर म्हणजे बोरकरकाका, त्यांच्या पत्नी शालिनीकाकू, माझी मुलगी सानिका आणि मी. स्थळ काकांची बैठक, समता कॉलोनी, रायपूर. या पैशांत उशीखाली ठेवायचा एक चपटा स्पीकर आला होता. सानिकाने तो मोबाइलवरून मागवला होता, म्हणून काकांनी नोटा तिच्या हातात ठेवल्या आणि म्हणाले, "अठराशे पन्नास."

सानिका नुसती हसली. काका हात पुढे केलेलाच ठेवून बसले. मी तिला खुणावलं.

"अठरा सौ पचास," ती म्हणाली.

तेव्हा काकांनी हात मागे घेतला.

काका रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते, सदतीस वर्षं. इंजिनात दोन माणसं असतात. पुढचा सिग्नल दिसला की एकाने त्याचा रंग मोठ्याने म्हणायचा आणि दुसऱ्याने, म्हणजे सहायकाने, तोच रंग परत म्हणायचा. दुसरा म्हणेपर्यंत सिग्नल पाहिला असं धरत नाहीत. निवृत्त झाल्यावर काका ही रीत घरी घेऊन आले. रात्री कुलूप लावताना ते अंगणातून म्हणत, "फाटक बंद." आतून काकू म्हणत, "फाटक बंद." मग "मोटर बंद", "मोटर बंद". मग "गॅस बंद". काकू कधी चिडून गप्प राहिल्या, तर काका स्वयंपाकघरात जाऊन गॅस पुन्हा पेटवत, पुन्हा बंद करत आणि पुन्हा म्हणत.

मी एकदा त्यांना विचारलं, घरी कशाला हे? ते म्हणाले, "एकानं पाह्यलं म्हणजे कोणीच नाही पाह्यलं, अरविंदभाऊ. एकटा माणूस काय वाट्टेल ते पाहते."

मी इथल्या पंडरी बाजारात एका ठोक कापड व्यापाऱ्याकडे हिशेब पाहतो. आमच्याकडेही रोकड दोघांनी मोजायची पद्धत आहे. त्यामुळे मला काका विचित्र वाटले नाहीत. इतरांना वाटत. एकदा ते शंकर नगरहून ऑटोने परत येत होते. चौकात सिग्नल लागला. काका ऑटोवाल्याला म्हणाले, "लाल."

"हाँ अंकल, दिख रहा है."

"दिख रहा है नहीं. लाल बोलो."

"काहे बोलूँ?"

काका तिथेच उतरले. ठरलेलं पूर्ण भाडं दिलं आणि चालत घरी आले. एक तास सात मिनिटं लागली, हे त्यांनीच सांगितलं. काकू माझ्या बायकोला, वंदनाला, भिंतीवरून म्हणाल्या, "पैसे देऊन पायी आले. अशे शहाणे मले भेटले."

काकांची वेळ अशीच असे. "संध्याकाळी येतो" असं ते म्हणत नसत. "सतरा चाळीसला येतो" म्हणत, आणि सतरा चाळीसला फाटकाची कडी वाजे. डाव्या कानाने त्यांना जवळजवळ ऐकू येत नसे, इंजिनामुळे. उजवा चांगला होता. आमची दोन घरं एका भिंतीने जोडलेली आहेत. भिंत पाच इंची आहे. त्यांच्या झोपण्याच्या खोलीची ती उजवी भिंत, आमची डावी. माझा पलंग तिला लागून आहे.

त्यांचा मुलगा अमोल. तो इंजिनिअर झाला, जर्मनीत गेला, तिथल्या कात्या नावाच्या मुलीशी लग्न केलं. त्यांना मीरा नावाची मुलगी झाली. दर रविवारी संध्याकाळी व्हिडिओ फोन यायचा. काका एका वहीत तो फोन किती वाजता सुरू झाला आणि किती वाजता संपला ते लिहीत. सरासरी चाळीस मिनिटं. त्यातली तीस मिनिटं अमोल दोन्हीकडचं दोन्हीकडे सांगण्यात घालवी.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अमोल गेला. हृदय बंद पडलं. वय छत्तीस. काकांचा पासपोर्ट मुदत संपून पडला होता आणि काकूंनी तो कधी काढलाच नव्हता. अंत्यविधी त्यांनी मोबाइलवर पाहिला. मी शेजारी बसलो होतो. बावीस मिनिटं. मध्ये एकदा तिकडे कोणीतरी मोबाइल आडवा ठेवला, तेव्हा चार मिनिटं नुसतं छत दिसत होतं. संपल्यावर काकांनी वहीत वेळ लिहिली.

त्यानंतरही कात्या दर रविवारी फोन लावत राहिली. बाई चांगली आहे. तिचं इंग्रजी कामापुरतं, माझंही तेवढंच, म्हणून काका मला बोलावून घेत. पण मीरा पाच वर्षांची, तिला जर्मनशिवाय काही येत नव्हतं. ती पडद्यावर यायची, हात हलवायची. इकडून हे दोघं हात हलवायचे. मग ती बघत राहायची, हे बघत राहायचे. काकू एकदा फोन संपल्यावर म्हणाल्या, "आपण काय फक्त टाटा कराले बसतो काय इथं?"

काकांनी मला वही दाखवली. चौदा मिनिटं, नऊ, सहा, सहा, चार. बोट शेवटच्या आकड्यावर ठेवून म्हणाले, "पुढच्या महिन्यात दोनवर येईन. मंग बंद. पोट्टी आपल्याले विसरून जाईन, तिचा दोष नाही त्याच्यात. दोन मिनिटात कोण कोणाले ध्यानात ठेवते?"

काका घाबरलेले मी तेवढेच पाहिले. आवाज नेहमीचाच होता. पण त्यांनी वही उलटी धरून मिटली.

दोघांनाही तेव्हापासून झोप नव्हती. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. काका त्या घेत नसत. झोपेची गोळी घेतलेला माणूस ड्यूटीवर चालत नाही, असं सांगत. ड्यूटी संपून सहा वर्षं झाली होती.

सानिकाने उपाय सुचवला. ती इथेच वाढली, मराठी सगळं समजतं, बोलते हिंदीतच. म्हणाली, "अंकल, सोते-सोते जर्मन सीखने की रिकॉर्डिंग मिलती है. दो सौ वाक्य हैं. तकिये के नीचे लगाओ और लेट जाओ."

"झोपीत शिकता येते काय?"

"पता नहीं. पर आप सोते कहाँ हो?"

काकू हसल्या. नोव्हेंबरनंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. काका गंभीरपणे म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे." आणि स्पीकर मागवायला सांगितला.

रिकॉर्डिंगमध्ये एक बाई आधी हिंदीत वाक्य सांगे, मग तेच जर्मनमध्ये सावकाश दोनदा. मग थोडी जागा सोडे. त्या जागेत आपण झोपेत शिरायचं, अशी कल्पना असावी. काका त्या जागेत मोबाइल थांबवत. स्वतः वाक्य म्हणत. मग काकूंनी ते म्हणायचं. त्यांनी म्हटलं की मोबाइल पुढे चालू. एका कानापुरतं ऐकू येत असल्याने आवाज मोठा होता. भिंतीच्या अलीकडे आम्हाला सगळं स्पष्ट कळे. पहिलं वाक्य होतं 'शुभ संध्या'.

"गूटन आबेंट," काका म्हणत.

"गूटन आबेंट," काकू म्हणत.

चौथं वाक्य होतं 'मुझे भूख लगी है'.

"इश हाबे हुंगा."

"आत्ताच तं भाकर खाल्ली वो तुमी."

"शालू, म्हण."

"इश हाबे हुंगा. झोपू द्या ना आता."

"आधी पाचवं. मंग झोप."

पाचवं होतं 'स्टेशन कहाँ है', वो इस्ट डेअर बानहोफ. सातवं 'मैं नहीं समझा', इश फेरश्टेए निष्ट. आठवं 'कृपया धीरे'. आठव्याला काकूंचा आवाज जड व्हायचा. नवव्याला त्या अर्ध्यातच थांबायच्या. काका वाट पाहत, पुन्हा म्हणत, पुन्हा वाट पाहत. मग मोबाइल बंद होई. दुसऱ्या रात्री परत पहिल्यापासून.

अशा रीतीने तीन महिने गेले. दोनशे वाक्यांपैकी नऊ. मी काकांना सांगितलं, काकू झोपल्या तर झोपू द्या, रिकॉर्डिंग पुढे चालू ठेवा, निदान तुमची तरी पुढची होतील.

ते म्हणाले, "सहायक झोपला तं गाडी पुढं न्यायची नसते."

"पण ही गाडी नाही ना, काका."

"तुमची रोकड तुमी एकटे मोजता काय, मालक झोपला म्हणून?"

मी पुन्हा तो विषय काढला नाही. वंदना मात्र गप्प बसली नाही. तिची झोप सावध आहे. रोज रात्री उशी कानावर दाबून ती म्हणे, "एक दिवस मी तो भोंगा खिडकीतून फेकून देते की नाही पाहा." पण तीन महिन्यांत तिलाही नऊ वाक्यं पाठ झाली. मलाही. आम्हाला ती कोणी शिकवली नव्हती. पडल्या पडल्या आली.

आता गंमत अशी, की त्या नवांपैकी आजोबांनी नातीशी बोलावं असं एकही वाक्य नव्हतं. प्रवाशांची वाक्यं ती. तरी एका रविवारी मीरा पडद्यावर आली, हात हलवला, आणि काकांनी खुर्चीत ताठ बसून विचारलं, "वो इस्ट डेअर बानहोफ?"

मीरा बघत राहिली. काकू बाजूने म्हणाल्या, "वो इस्ट डेअर बानहोफ?" दोघांनी म्हटलं म्हणजे प्रश्न पक्का झाला.

मीरा उठली आणि पळाली. मोबाइल तिच्या हातात होता, त्यामुळे आम्हाला जमीन, टेबलाचे पाय, पुन्हा जमीन असं दिसत होतं. मग ती टेबलाखाली बसली आणि ओरडली, "हिअर!" तिथे तिने दोन बूट ओळीत ठेवले. ते स्टेशन झालं.

पुढच्या रविवारी स्टेशन आंघोळीच्या टबात होतं. त्याच्या पुढच्या रविवारी पलंगावर, उशांचं. मीरा दर वेळी नवीन जागा ठरवून ठेवू लागली आणि फोन लागला की प्रश्नाची वाट पाहू लागली. प्रश्न विचारायला काकांनी मुद्दाम उशीर केला तर ती हट्टाने पाय आपटी. स्टेशन दाखवून झालं की लांबच लांब काहीतरी सांगे. काका म्हणत, इश फेरश्टेए निष्ट. काकू म्हणत, कृपया धीरे, म्हणजे त्याचं जर्मन. मग मीरा तेच सगळं एकेक शब्द तोडून, हळूहळू, डोळे मोठे करून सांगे. या दोघांना तरीही समजत नसे. पण त्यात वेळ जाई.

वहीत आकडे असे आहेत: अकरा, एकोणीस, सव्वीस, एकतीस. काका मला एकतीसवर बोट ठेवून दाखवत होते तेव्हा काकू चहा घेऊन आल्या. "आता चाळीसचं काय घेऊन बसता? पासपोर्ट काढा. जाऊन पाहू खरं ठेसन."

जुलैमध्ये दोघांचे पासपोर्ट आले.

सप्टेंबरात काकूंना डेंग्यू झाला. दवाखान्यात पाच दिवस. शेवटच्या रात्री काकांना आत सोडलं, मलाही सोडलं. काकू डोळे मिटून होत्या. काका त्यांच्या कानाशी वाकले. मला वाटलं देवाचं नाव घेतील. ते म्हणाले, "गूटन आबेंट."

काकूंचे ओठ हलले. काका थांबले, मग दुसरं म्हणाले. तिसरं. चौथ्याला ओठ हलले का नाही, मला नक्की सांगता येत नाही. काका म्हणतात हलले. पाचव्याला हलले नाहीत. काकांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. नर्स म्हणाली, "बाबूजी, अब बाहर बैठिए." ६ सप्टेंबर, पहाटे चार दहा. ही वेळ वहीत आहे.

मी कात्याला इंग्रजीत कळवलं. तिचं उत्तर आलं: मीराला मी सांगू का? मी काकांना विचारलं. त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "अमोलचं तिच्या मायनं तिले समोर बसून सांगितलं. हे मी सांगतो. समोर बसून. तिले म्हणा थांब." मी तसं लिहिलं. कात्या थांबली.

तेरवी झाली. २१ सप्टेंबरला रविवार होता. फोन आला. स्टेशन त्या दिवशी खिडकीत होतं. ते दाखवून झाल्यावर मीराने काकांच्या शेजारची रिकामी खुर्ची पाहिली आणि विचारलं, "ओपा, वो इस्ट ओमा?"

स्टेशनचाच प्रश्न, स्टेशनच्या जागी आजी. काकांना तो समजला. मलाही समजला. नऊ वाक्यांच्या बाहेरचं काही काकांना समजण्याची ती पहिली वेळ होती.

काका म्हणाले, "इश फेरश्टेए निष्ट."

मला समजत नाही. मग मीराने तेच सावकाश विचारलं. वो. इस्ट. ओमा. शिकवल्यासारखं, डोळे मोठे करून. काकांनी मान हलवली आणि तेच पुन्हा म्हटलं. फोन सात मिनिटांत संपला.

काकांनी त्या दिवशी सानिकाला बोलावून, मोबाइलवर शोधायला लावून, तीन शब्द एका चिठ्ठीवर लिहून घेतले. पण ते शब्द लगेच म्हणायचे नव्हते. आधी नऊच्या पुढे जायचं, असं ते म्हणाले. नुसते तीन शब्द सांगून गप्प बसता येत नाही. पोरगी पुढे काहीतरी विचारेल. त्याला उत्तर पाहिजे.

त्या रात्री भिंतीपलीकडे स्पीकर सुरू झाला. हिंदीत बाई बोलली, जर्मनमध्ये दोनदा बोलली, आणि मोबाइल थांबला.

"गूटन आबेंट," काका म्हणाले.

काही नाही.

"गूटन आबेंट."

काही नाही. थोड्या वेळाने पुन्हा एकदा. मग स्पीकर बंद झाल्याचा आवाज. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तेच. पहिलं वाक्य तीनदा, मग बंद. दुसऱ्या वाक्यावर ते गेले नाहीत.

मी जागा असे. उत्तर मला येत होतं. दोन शब्द होते. भिंत पाच इंची होती. मी म्हटलं नाही. बाईमाणसाच्या जागी आपण कसं बोलायचं असं वाटलं असेल, किंवा मध्ये पडू नये असं. आता विचार केला तर दोन्ही कारणं तितकीशी पटत नाहीत. अशा अकरा रात्री गेल्या.

बारावी रात्र दसऱ्याची होती. वंदना दिवसभराच्या कामाने थकून झोपली होती. पलीकडून "गूटन आबेंट" आलं. वंदनाने कूस बदलली आणि डोळे न उघडता, भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "गूटन आबेंट वो काका."

पलीकडे शांत झालं. मला वाटलं, बंद केलं. मग स्पीकरवरची बाई दुसरं वाक्य सांगू लागली.

दुसऱ्या रात्री काकांनी अंगणातून "फाटक बंद" म्हटलं, तेव्हा वंदना आमच्या अंगणातून म्हणाली, "फाटक बंद."

वंदना नवव्याला झोपणारी नाही. दहावं वाक्य निघालं 'एक टिकट दीजिए'. मग सोळावं, मग तेविसावं. ती पलंगावर मांडी घालून बसे आणि मोठ्याने म्हणे. एका रात्री चोविसाव्याला पलीकडून काकांचं वाक्य आलं नाही. घोरणं आलं.

"आता मी काय करू?" ती मला म्हणाली.

"झोप."

"मोबाइल थांबलेला आहे त्यांचा. सकाळी म्हणतील सहायकानं उठवलं नाही."

ऑक्टोबरच्या मध्यावर एका रात्री सगळी वाक्यं झाल्यावर काकांनी चिठ्ठीतले तीन शब्द म्हटले. "ओमा इस्ट गेश्टोर्बन." आजी वारली. वंदनाने ओठ मिटून घेतले. काका पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले. मग पहिल्या वाक्यावर परत गेले, आणि ते तिने लगेच म्हटलं.

सकाळी मला म्हणाली, "ते मी नाही म्हणणार. मी म्हटलं की ते पक्कं होते."

"पक्कं झालंच आहे."

"मंग तुम्ही म्हणा."

२२ ऑक्टोबरला ती भाऊबीजेसाठी सानिकाला घेऊन अमरावतीला माहेरी गेली. पाच रात्री. पहिल्या रात्री मी दिवा मालवून पडलो. "गूटन आबेंट," काका म्हणाले.

"गूटन आबेंट," मी म्हणालो.

"अरविंदभाऊ?"

"हो."

"बरं."

त्या रात्री आम्ही एकतीस वाक्यं केली. शेवटी काका थोडे थांबले आणि त्यांनी चिठ्ठीतलं वाक्य म्हटलं. मी ते परत म्हटलं. त्यांनी पुन्हा म्हटलं, मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदाही. पाच रात्री, प्रत्येक रात्री तीनदा. पंधरा वेळा मी ते वाक्य भिंतीला सांगितलं. कितव्या वेळेनंतर ते इतर वाक्यांसारखं वाटू लागलं, ते मी मोजलं नाही.

वंदना परत आल्यावर काकांनी ते वाक्य पुन्हा काढलं नाही. रविवारी मीरा विचारायची, ते "समजत नाही" म्हणायचे. २१ सप्टेंबरपासूनच्या बारा रविवारांपैकी सात रविवारी तिने विचारलं. नंतर नंतर ती विचारताना आईकडे पाहत असे.

काका निघाले शुक्रवारी, १२ डिसेंबरला. रायपूरहून मुंबईपर्यंत रेल्वेने, तिथून विमान. मी आणि वंदना स्टेशनवर गेलो. त्यांच्या अंगात अमोलचा जुना जाड कोट होता, बाह्या लांब पडत होत्या. गाडीला अवकाश होता. बाकावर बसून त्यांनी पिशवीतून ती वही काढली, मधलं पान उघडलं आणि वंदनापुढे पेन धरलं.

"सही करा."

"कशाची?"

"रात्रपाळीचा भत्ता. सहायकाले मिळते. नियम आहे."

मी पान पाहिलं. रकाने होते: तारीख, वाक्यं, सहायक. ९ मार्चपासून पानंच्या पानं 'शालिनी', नऊ, नऊ, नऊ. दवाखान्यातल्या रात्रीपुढे 'शालिनी', चार. २१ सप्टेंबरपासून १ ऑक्टोबरपर्यंत अकरा ओळी, 'सहायक नाही'. मग 'वंदना'. मध्ये पाच ओळी 'अरविंद'. शेवटच्या ओळीवर वाक्यं चौऱ्याऐंशी.

मी त्या अकरा ओळींवर थांबलो असेन. काका माझ्याकडे न पाहता म्हणाले, "अरविंदभाऊ, खोकल्याचं औषध घेत जा. त्या अकरा रात्री लई खोकला होता तुमचा. मले ऐकू यायचा."

वंदनाने माझ्याकडे पाहिलं. मी पेन घेतलं आणि माझ्या पाच ओळींपुढे सही केली. मग वंदनाने तिच्या ओळींपुढे केली आणि काकांनी तिच्या हातात एक बंद पाकीट ठेवलं.

"तिथं जाऊन पहिले काय म्हणाल, काका?" वंदनाने विचारलं.

"पहिले स्टेशनचं विचारीन. ती दाखवीन. मंग तिच्या ठेसनात बसून सांगीन." त्यांनी वही पिशवीत ठेवली. "भाऊंनी म्हटलेलं आहे. पक्कं आहे ते."

गाडी आली. काका दारात उभे राहिले. आत जागा होती, पण सुटताना ते दारातच उभे राहतात. मान बाहेर काढून त्यांनी पुढे पाहिलं. आम्हाला खालून काही दिसत नव्हतं.

"हरा," काका म्हणाले.

"हरा," वंदना म्हणाली.

काका माझ्याकडे पाहत राहिले.

"हरा," मी म्हणालो.

तेव्हा ते आत वळले. गाडी दोन मिनिटं उशिरा सुटली होती.

पाकीट घरी येऊन उघडलं. रात्री एकूण एकाहत्तर, दर पाच रुपये, रक्कम तीनशे पंचावन्न. पैकी सौ. वंदना यांस सहासष्ट रात्रींचे तीनशे तीस. मला पाच रात्रींचे पंचवीस.